खोबरेलाची कुपी

हेमालीने रावजींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्वतःच्या कांदेपोह्यांच्या दिवशी, आणि तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते. उरणजवळच्या तिच्या माहेरी, पुढच्या खोलीत, दिवेआगरहून आलेली मंडळी भिंतीला पाठ लावून बसली होती. मुलगा स्वप्निल, बोटीवर नोकरीला असणारा, बशीतल्या पोह्यांत काही हरवल्यासारखा मान खाली घालून होता. त्याची आई कृष्णाबाई हेमालीला मासे साफ करता येतात का ते विचारत होती. आणि मुलाचे वडील रावजी मान वर करून आढ्याकडे बघत होते. आढ्याला झोपाळ्याच्या कड्या होत्या. झोपाळ्यावर हेमालीचे काका बसले होते, ते जरा हलले की एक कडी कुरकुरत होती.

"ही कडी कवापासून रडतेय?" रावजींनी विचारलं.

"असेल वर्षभर," हेमालीचे वडील म्हणाले.

"वर्षभर! आणि तुम्ही ऐकत बसलाव?"

एवढं बोलून त्यांनी आपल्या कापडी पिशवीतून एक कुपी काढली. पत्र्याची, चपट्या पोटाची आणि लांब चोचीची, शिवणयंत्राला तेल घालतात तसली. मुलगी बघायला निघताना माणूस पेढे घेईल, नारळ घेईल. यांनी कुपी घेतली होती. ते खुर्चीवर चढले, काकांना हलू नका म्हणाले, आणि कडीत तेल सोडू लागले. पहिले दोन थेंब कडीला मिळाले. पुढचे काकांच्या पांढऱ्या सदऱ्याला.

"घरचं खोबरेल हाय," रावजी वरूनच म्हणाले. "डाग धुऊन जाईल. कडी मात्र आता बोलायची न्हाय."

कडी खरोखरच बोलली नाही. डाग मात्र गेला नाही. काका तो सदरा पुढे घरात घालू लागले. पोह्यांची बशी आत नेताना हेमालीने मनाशी एवढं ठरवलं की या माणसापासून आपल्या वस्तू जपायला लागतील. तरी तिने होकार दिला, कारण स्वप्निल तिला आवडला होता, आणि सासऱ्याकडे बघून लग्न कोणी करत नाही.

रावजींची सगळी नोकरी न्हावा शेव्याला गेली. ते बंदरात कामाला होते असं ते सांगत आणि ते खरंही होतं. आत येणाऱ्या ट्रेलरचे नंबर गेटवरच्या केबिनमध्ये बसून टिपून घ्यायचे, हे त्यांचं काम. पण निवृत्त होऊन दिवेआगरला परत आल्यापासून ते केबिनचा उल्लेख हळूहळू गाळत गेले. ओटीवर कोणी येऊन बसलं की गोष्ट मोठ्या क्रेनपासून सुरू व्हायची. क्रेन अडायची, साहेब डोकं धरायचे, परदेशातून आलेला इंजिनियर कागद चाळत बसायचा, आणि मग कोणीतरी म्हणायचं की रावजींना विचारा. रावजी काय सांगायचे? तेल घाला. ऐकणाऱ्यांत बंदरात काम केलेलं कोणी नसलं म्हणजे क्रेन तेवढ्यावर चालू व्हायची. एखादा असला तर रावजी सुपारीच्या भावावर बोलत.

त्यांच्या हिशेबी जगात यंत्रं बिघडत नाहीतच. ती कोरडी पडतात. आणि ती कोरडी का पडतात, तर मेकॅनिक नावाच्या जातीला तेल घालण्याची लाज वाटते म्हणून. "तेल घातलं तर पार्ट कसा खपायचा?" असं म्हणून ते डोळा मारत. बाजारातलं मशिनचं तेल त्यांना चालत नसे. त्याला ते रॉकेल म्हणत. चक्रीवादळात वाडीतली निम्मीअधिक झाडं आडवी झाली, पण जे माड उभे राहिले त्यांचं खोबरं घाण्यावर नेऊन ते तेल काढून आणत, आणि ते कुलपांना, बिजागरांना, अडकित्त्याला, छत्रीच्या काड्यांना, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोल्यांच्या कड्याकोयंड्यांना घालत. पुढच्या दोन खोल्या मुंबईच्या पर्यटकांना भाड्याने देत असत. त्यातल्या एका बाईने एकदा तक्रार केली की दाराला हात लावला की हाताला जेवल्यासारखं वाटतं. रावजींना ती स्तुती वाटली.

थंडीत खोबरेल थिजतं. मग मार्गशीर्ष-पौषात रावजी सकाळी शाल पांघरून ओटीवर बसत आणि कुपी शालीखाली काखेत धरत. अर्ध्या तासात अंगाच्या उबेने तेल पातळ व्हायचं आणि ते घरभर फिरायला मोकळे. या वेळेत रस्त्यावरून कोणी हात केला तर रावजी मानेनेच उत्तर देत. हात उचलला तर कुपी पडली असती.

लग्नानंतर हेमाली बरीच वर्षं उरणलाच राहिली, कारण तिची नोकरी तिकडे होती. न्हावा शेव्याच्या एका लहानशा कचेरीत ती कंटेनरचे कागद तयार करायची. स्वप्निल बोटीवरून आला की दोघं दिवेआगरला येत, चार दिवस राहत, तेवढ्यात रावजी तिच्या बॅगेच्या चेनला तेल लावून ठेवत. पण एका पावसाळ्यात कृष्णाबाई मागच्या दारी शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. स्वप्निल बोटीवर. घरात रावजी, आणि रावजींना चहासुद्धा करता येत नाही. हेमालीने आपल्या मॅडमना, म्हणजे भाविका मॅडमना, विचारलं की मी घरून काम केलं तर चालेल का.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "पण सातला म्हणजे सातला. गाड्या गेटवर यायच्या आत कागद गेले पाहिजेत. गावाकडच्या सबबी मला सांगायच्या नाहीत."

अट बरोबरच होती. सकाळी सात ते नऊ हाच त्या कामाचा जीव. नंतरचा दिवस नुसता फोन आणि दुरुस्त्या.

स्वप्निलने कधीकाळी सिनेमे बघायला घेतलेला एक मोठा कॉम्प्युटर घरात होता, मॉनिटर वेगळा आणि पेटी वेगळी असा. पुढच्या खोल्या पाहुण्यांच्या, म्हणून तो मागच्या पडवीत मांडला. पडवी वाडीला लागून. पोफळींची सावली अशी दाट की उन्हाचा कवडसा टेबलापर्यंत पोचायला दहा वाजत. हेमालीने टेबल पुसलं, वायरी लावल्या आणि रावजींना समोर उभं करून सांगितलं:

"बाबा, घरात कशालाही तेल घाला. कॉम्प्युटरला नाही."

"मला काय खुळा समजतेस?"

हेमालीने पेटीचे स्क्रू एकदा तपासून पाहिले.

पावसाळाभर काम नीट चाललं. फक्त खाऱ्या दमट हवेने पेटीच्या आतला लहान पंखा कुरकुरू लागला, आणि पुढे तर चक्क किंचाळू लागला. एक दिवस सकाळच्या बैठकीत, सगळे पडद्यावर असताना, भाविका मॅडम म्हणाल्या, "हेमाली, तुझ्या सासरी पिठाची गिरण आहे का गं? दोन किलो ज्वारी पाठवू का?" सगळे हसले. हेमालीही हसली, हसावं लागतं म्हणून. पडवीच्या दारात रावजी सोललेले नारळ घेऊन उभे होते. ते नारळांसकट परत फिरले.

दोन-तीन दिवसांत पंख्याची कुरकुर थांबली. हवा सुकली असेल, असं हेमालीला वाटलं.

मग दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला, उत्तरेचा वारा सुटला आणि एका सकाळी कागद भरता भरता पडदा काळा झाला. काही सूचना नाही, काही नाही; पेटीचा दिवासुद्धा विझला. हेमालीने बटण दाबलं. चालू झाला, नाव-गाव विचारलं आणि पुन्हा गेला. ती बटण दाबत राहिली, तो जात राहिला. दहाच्या सुमारास मात्र शहाण्यासारखा चालू झाला आणि संध्याकाळपर्यंत कुरकुरला नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

तळ्याला, घाटापलीकडच्या तालुक्याच्या गावी, निकेतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. निकेत रावजींच्या बहिणीचा मुलगा. दुकानाच्या पाटीवर त्याने 'तज्ज्ञ' हा शब्द नावापेक्षा मोठा काढून घेतला होता. तो फटफटीवरून आला, दुपारचं जेवला आणि पेटी उघडून बसला. त्या वेळी ती उत्तम चालत होती.

"वहिनी, व्हायरस," तो म्हणाला.

"व्हायरस फक्त सकाळी येतो?"

"असतात तसले."

त्याने सगळं पुसून नव्याने भरलं. दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा लवकर बंद पडला. पुढच्या खेपेला निकेतने आतली एक पट्टी काढून ती शाळेच्या खोडरबराने घासली, आणि घासताना असा चेहरा केला की जणू शस्त्रक्रिया चालू आहे. त्याच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. त्याने बोटं हुंगली.

"बघा, खारी हवा. किनाऱ्यावर सगळ्यांचं हेच रडगाणं."

"खारी हवा चिकट असते?" हेमालीने विचारलं.

"वहिनी, हे काम माझं की तुमचं?"

खोडरबरानेही काही झालं नाही तेव्हा निकेतने व्होल्टेजवर बोट ठेवलं, वायरमनला नावं ठेवली, आणि शेवटी पेटीच उचलून तळ्याला नेली. दोन दिवसांनी परत आणली ती छाती पुढे काढूनच.

"मामा, आमच्याकडे अकराला लावला तो रात्री दुकान बंद करेपर्यंत चालू. मी गाणी लावून ठेवलेली. मशिनला काही झालेलं नाही. तुमच्या घरातच काहीतरी आहे."

कृष्णाबाई आतल्या खोलीत खाटेवर होत्या. खुबा मोडला होता, जीभ शाबूत होती. "निक्या, घराचं नाव काढू नको," त्या आतून ओरडल्या. "याच घरात तुझी आई वाढली. तुझ्या दुकानाला पत्रा हाय तो तापतो, त्यात तुझं डोकं पन तापतं, म्हनून सगळं चालतंय वाटतं तुला."

कृष्णाबाई हे नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. पण तज्ज्ञाला तेवढंसुद्धा सुचलं नव्हतं.

रावजींना या सगळ्या प्रकारात एक विलक्षण समाधान मिळत होतं. निकेत आला की ते हाताची घडी घालून मागे उभे राहत आणि तो गेला की म्हणत, "ह्याला शिकवायला बहिणीने शेत विकलं. भात तरी पिकलं असतं." कॉम्प्युटर दुपारी चालू झाला की ते पडवीच्या दारात येऊन त्याच्याकडे मायेने बघत. "चालतोय ना? निक्याशिवाय चालतोय ना? मंग झालं." हेमालीला वाटायचं, म्हातारा माणूस, भाच्याची फजिती बघून सुखावतोय.

एका शुक्रवारी भाविका मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता.

"हेमाली, रोज सकाळीच कसा गं बंद पडतो तुझा कॉम्प्युटर? दुपारी बरा असतो. मलासुद्धा असा कॉम्प्युटर घ्यायचाय, सकाळी झोपणारा."

"मॅडम, खरंच..."

"खरं-खोटं मला नको. काल एक गाडी गेटवर अडकून बसली. सोमवारी सातला तू मला दिसलीस तर ठीक. नाहीतर मंगळवारपासून इथे येऊन बस. ते जमत नसेल तर तसं लिहून पाठव."

येऊन बसणं जमणार नव्हतं. कृष्णाबाई अजून आधाराशिवाय मोरीपर्यंत जाऊ शकत नव्हत्या. म्हणजे उरलं लिहून पाठवणं. हेमालीने ती नोकरी लग्नाच्या आधी स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. घरात स्वतःची म्हणावी अशी तिची तेवढीच गोष्ट होती. ती गेली की उरणार पाहुण्यांच्या खोल्यांच्या चादरी.

रविवारी दुपारी निकेत पुन्हा आला आणि पेटीला वीज पुरवणारा आतला डबाच त्याने बदलला. "आता बंद पडला तर नाव बदलेन," तो म्हणाला. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. पेटीची एक बाजू स्क्रू न लावता नुसती टेकवून निकेत निघून गेला, कारण त्याला काळोखाच्या आत घाट उतरायचा होता.

सोमवारी सकाळी वाडीत धुकं होतं. हेमालीच्या तोंडून वाफ निघत होती. सातला अजून वेळ होता, तिने मुद्दाम लवकर बटण दाबलं. पडदा उजळला, तिने हात जोडले, आणि जोडलेल्या हातांसमोरच तो काळा झाला. त्याच वेळी तिला वास आला. वास पूर्वीही यायचा. खोबरं भाजल्यासारखा, गोडूस. रोज तिला वाटायचं स्वयंपाकघरातून येतो.

"आई, गॅसवर काही आहे का?"

"काय असनार? तू पडवीत, मी खाटेवर. गॅसवर कोन, तुझा सासरा?"

निकेतला फोन करायला हेमाली ओटीवर आली, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळे. ओटीवर रावजी शाल पांघरून बसले होते. डावा हात अंगाला घट्ट चिकटलेला. शालीच्या कडेतून कुपीची चोच बाहेर आली होती. हे दृश्य ती महिनाभर रोज बघत होती आणि रोज त्याला वळसा घालून जात होती. आज ती थांबली.

"बाबा, काय करताय?"

"दिसत न्हाय? तेल वितळवतोय. दगड झालाय नुसता. सकाळचं एक थेंब सुटत न्हाय कुपीतून."

"आणि दुपारी?"

"दुपारी पान्यासारखं."

हेमालीने फोन खिशात टाकला. ती पडवीत धावली, टेकवलेली बाजू ओढून काढली आणि टॉर्च मारली. पंखा होता तिथे होता. त्याच्या मधल्या भागावर, पात्यांच्या मुळाशी, खाली जाळीवर, सगळीकडे पांढरंशुभ्र काहीतरी बसलं होतं, वाटीतल्या साजूक तुपासारखं. तिने पात्याला बोट लावलं. पातं हललं नाही. तिने बोट नाकाशी नेलं. मग डोक्यात जे आलं ते तिने दाबून धरलं नाही.

"बाबा!"

रावजी कुपीसकट आले.

"याला तेल कोणी घातलं?"

रावजींनी पेटीत डोकावून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, परक्याची वस्तू बघावी तसं. "पंखा दिसतोय," ते म्हणाले.

"पंखाच आहे. तेल कोणी घातलं?"

"दोन थेंब."

"हे दोन थेंब आहेत? यात माझी वेणी होईल!"

"एकदम कुठं घातलं? पेटी उघडून रोज दोन घातलं. तू दुपारी आईला आंघोळ घालायला गेलीस की. बंद पडायचा ना तो, कोरडा पडायचा. मी घातलं की चालायचा. निक्यानं काय केलं? मीच चालवत व्हतो तो इतके दिवस."

हेमालीने मनात हिशेब जुळवला. सकाळी पंखा थिजायचा, पेटी तापायची आणि जळू नये म्हणून आपणच बंद व्हायची. दहाला ऊन यायचं, तेल सुटायचं, पंखा फिरायचा. मग दुपारी हे गृहस्थ येऊन उद्याच्या थंडीची सोय करून जायचे, आणि पडवीच्या दारात उभे राहून स्वतःचं कौतुक करायचे.

"रोज सकाळी तेल काखेत धरून बसता," ती म्हणाली. "आख्खा गाव बघतो. कुपीतलं थिजतं, बाटलीतलं थिजतं, आणि कॉम्प्युटरमधलं तेवढं थिजणार नाही? त्या पंख्याला काख आहे का बाबा?"

आतून कृष्णाबाईंचं हसू ऐकू आलं. हसताना खुबा दुखला तशा त्या कण्हल्या, आणि तरी हसत राहिल्या. "अगो बाय माझ्ये! सगळ्या बंदराची क्रेन ह्यांनीच चालवलीन म्हने! बंदर बुडालं कसं न्हाय!"

रावजींच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. क्रेन उतरली, साहेब उतरले, परदेशी इंजिनियर उतरला. राहिला तो गेटवरच्या केबिनमधला माणूस, शाल घसरलेला.

"मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?" हेमालीचा आवाज चढला. "का लावलात?"

"ती बाई हसली तुला," रावजी म्हणाले. "सगळ्यांदेखत. गिरण म्हनाली."

सात वाजत आले होते. तिने घड्याळाकडे पाहिलं, थिजलेल्या पंख्याकडे पाहिलं, आणि मग सासूच्या खाटेकडे.

"आईंची शेकायची पिशवी आणा. पाणी कडक तापवा. तापवता येतं ना?"

"येतं," रावजी म्हणाले. त्यांना गॅस पेटवायला तीन काड्या लागल्या, पण पाणी तापलं. हेमालीने वीज बंद केली, गरम पिशवी कोरडी पुसून पंच्यात गुंडाळली आणि पेटीत पंख्याला टेकवली. वरून धरायला माणूस हवा होता. रावजींनी पेटीवर वाकून ती धरली. थोड्या वेळाने पांढरा थर काचेसारखा झाला, मग ओघळला. हेमाली जुन्या बनियनच्या चिंधीने तो टिपत गेली. चिंधीला वास असा सुटला की कुठल्याही लग्नघराला शोभावा. तिने पात्याला बोट लावलं. पातं फिरलं, आळसाने का होईना.

"फिरला," रावजी कुजबुजले. "घरचं तेल हाय, मोकळं होनारच."

"बाबा, आता तेलाबद्दल एक शब्द नको."

कॉम्प्युटर चालू झाला तो चालू राहिला. रावजी पुन्हा पाणी तापवून आले आणि पेटीच्या पत्र्याला बाहेरून पिशवी लावून उभे राहिले, न सांगता. सातला पडद्यावर भाविका मॅडम दिसल्या.

"अरे वा! आज जागा आहे वाटतं. काय झालं होतं एवढं?"

हेमालीने बाजूला पाहिलं. पडद्यावर दिसणार नाही अशा बेताने, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी शेकाची पिशवी धरून तिचा सासरा उभा होता. सगळं सांगितलं असतं तर आठवडाभर कचेरी हसली असती, आणि या खेपेस हेमालीला नाही.

"पंखा जाम झाला होता, मॅडम," ती म्हणाली.

"एवढंच? एवढं कळायला महिना लागला?"

"हो मॅडम."

गाड्या गेटवर पोचायच्या आत कागद गेले. नऊ वाजता हेमालीने खुर्ची मागे सरकवली तेव्हा रावजींनी कंबर सरळ केली आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "जाम न्हाय. थिजला व्हता. जाम वेगळं."

दुपारी निकेत नवा पंखा घेऊन आला. त्याला सगळं कळल्यावर तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हाच माणूस पुन्हा पुन्हा ती पेटी उघडून बसला होता, त्याची बोटं चिकट झाली होती, त्याने ती हुंगलीही होती, आणि खोबरेलाच्या मुलखात जन्म काढलेल्या त्याच्या नाकाने खारी हवा असा निकाल दिला होता. पण हसण्याचा हक्क त्याने सोडला नाही. तळ्यात ती गोष्ट त्याने महिनाभर चालवली. फक्त तिच्यात दोष शोधून काढणारा निकेत झाला आणि शेकाची पिशवीही त्यालाच सुचली. हेमालीच्या कानावर ते आलं तेव्हा तिला कळलं की मामाचं रक्त भाच्यात कुठून तरी उतरतंच.

"नवीन पंख्याला तेल लागत नाही, मामा," निकेत जाताना म्हणाला.

"तुला काय लागतं ते सांग," रावजी म्हणाले. "तेलात खोट नव्हती. पंखाच हलका व्हता. बंदरातला असता तर..."

"बाबा," हेमाली म्हणाली. रावजी थांबले. बंदरातल्या पंख्याने काय केलं असतं ते त्या दिवशी राहून गेलं.

आता कृष्णाबाई काठी घेऊन मागच्या दारापर्यंत जातात. हेमालीची नोकरी चालू आहे, पडवीतूनच. भाविका मॅडमनी तिला नवा कॉम्प्युटर घेण्याचा सल्ला दिला, पैसे दिले नाहीत. पेटीचे सगळे स्क्रू हेमालीने घट्ट आवळले आहेत आणि पेचकस ती स्वतःच्या कपाटात ठेवते. रावजी या थंडीतही सकाळी शाल पांघरून, कुपी काखेत धरून ओटीवर बसतात; पडवीचं दार कुरकुरलं तर उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून "घालू का?" म्हणून विचारतात, आणि हेमाली हो म्हणेपर्यंत तिथेच थांबतात.